स्टिकरवरचे सीसी

गेल्या मंगळवारी भर दुपारी पैलवान आला आणि कटर टेबलावर ठेवला. (आमच्याकडे चेनसॉ कुणी म्हणत नाही. कटर, नाहीतर नुसतं मशीन.) पैलवान म्हणजे आजऱ्याच्या आसपास झाडतोडीचे ठेके घेणारा गडी. तालीम सुटून वीस वर्षं झाली, कान मात्र अजून मोडलेले आहेत. मशीन केशरी रंगाचं, सहा महिन्यांपूर्वी ऑनलाइन मागवलेलं. बाजूच्या कव्हरवर तळहाताएवढं स्टिकर: ‘६२ सीसी’, त्याखाली ‘प्रो’, त्याखाली ज्वाळा आणि ‘टर्बो पॉवर’.

“मेस्त्री, ह्याच्यातनं आणि जरा पावर काढून द्या. काय खर्च यील त्यो यील.”

“का, कापत न्हाई?”

“कापतंय की. पर बासष्ट सीसीचं वाटत न्हाई.”

आता खरं सांगायचं तर मलाही ते आवाजावरून बासष्टचं वाटत नव्हतं. म्हटलं, उघडूनच बघू. सायलेन्सर काढला, ब्लॉक (म्हणजे सिलिंडर) उतरवला, व्हर्नियर लावला. बोअर म्हणजे सिलिंडरचा व्यास ४५.२ मिलिमीटर, स्ट्रोक म्हणजे पिस्टनची धाव ३४. पुढचं गणित आठवीतलं: त्रिज्येचा वर्ग गुणिले पाय गुणिले उंची. उत्तर साडेचोपन्न सीसी. पैलवानाला कागदावर गुणाकार करून दाखवला. त्यानं कागद दोनदा उलटासुलटा केला.

“मग बाकीचं साडेसात सीसी गेलं कुठं?”

“स्टिकरवर हाय की.”

तो हसला नाही. सात हजार मोजलेल्या माणसाला असल्या विनोदाचं हसू येत नसतं.

मी मूळचा टू-स्ट्रोकवाला. कोल्हापुरात आयटीआय केलं आणि १९९२ साली उद्यमनगरात एका गॅरेजमध्ये लागलो. तेव्हा कोल्हापूरची पोरं आरएक्स-१०० वर फिदा होती. गाडी ९८ सीसीची, ताकद ११ बीएचपी, पण कुणालाच तेवढ्यावर समाधान नव्हतं. पोर्टिंग करा (म्हणजे ब्लॉकमधली भोकं कोरून मोठी करा), हेड घासा, सायलेन्सर पोकळ करा. शिवाय राजदूत-३५० वाले होते, ते तर वेगळ्याच जातीचे. ती गाडी म्हणजे यामाहाची आरडी-३५०. जपानी अवतारात तिची ताकद ३९ बीएचपीच्या घरात. इथं एस्कॉर्ट्सनं बनवताना ती दाबून आणली: एचटी म्हणजे हाय टॉर्क मॉडेल साडेतीसचं आणि नंतरचं एलटी म्हणजे लो टॉर्क सत्तावीसचं. पेट्रोल कमी प्यावी म्हणून. आमचे उस्ताद म्हणायचे, “कंपनीनं जे काढून ठेवलंय तेवढंच परत घालायचं. त्याच्या पुढं गेलास की गिऱ्हाईक ढकलत गाडी आणतंय.” मी दोन्ही करून बसलोय, परत घालणंही आणि पुढं जाणंही. पण त्या जमान्याची एक गोष्ट मला आजही आवडते. लो टॉर्क म्हणून नावातच लिहिलं होतं. आज कुठली कंपनी मशीनवर ‘कमी ताकद’ असं छापेल?

पुढं टू-स्ट्रोक मोटारसायकली संपल्या आणि मी गावी आलो. इकडे काजू, सिल्व्हर ओक, निलगिरी, अकेशिया. त्यात कटर वाढले. बघितलं तर आत तेच सगळं: पिस्टन, दोन-तीन भोकं, कार्बोरेटर. जीव मात्र लहान आणि रेस दुप्पट. आरएक्सची कमाल ताकद साडेसात हजार आरपीएमला मिळते. व्यावसायिक कटर मोकळ्यावर, म्हणजे चेन लाकडात नसताना, साडेतेरा-चौदा हजारांपर्यंत पळतो.

म्हणून उद्यमनगरातली सगळी विद्या इथं जशीच्या तशी चालत नाही. पहिल्या वर्षी मी हे पैसे घालवून शिकलो. कटरच्या ब्लॉकला बहुतेक वेळा वेगळं हेडच नसतं. वरचं डोकं आणि खालचा ब्लॉक एकाच ओतकामात. घासणार काय? मग कॉम्प्रेशन वाढवायला लोक ब्लॉकच्या खालचं पॅकिंग काढतात आणि नुसतं सीलंट लावून ब्लॉक बसवतात. ब्लॉक अर्धा मिलिमीटर खाली येतो. पण ब्लॉक खाली आला की त्यातली भोकंही खाली येतात! एक्झॉस्ट उशिरा उघडतं, म्हणजे वरच्या रेसचा दम कमी. मग एक्झॉस्ट वर कोरायचं. वर किती? डोळ्यानं किती वाटतं यावर भरवसा नाही, क्रँकवर अंशांची तबकडी लावून मोजावं लागतं. आणि पिस्टन वर डोक्याला किती जवळ जातो हे बघायला मी प्लगच्या भोकातून सोल्डरची तार आत घालतो, क्रँक हातानं फिरवतो आणि चपटी झालेली तार मोजतो. अर्ध्या मिलिमीटरच्या खाली गेलं की मी हात जोडतो. चौदा हजारांवर कनेक्टिंग रॉडही थोडा ताणतो, बेअरिंगला थोडी ढिलाई असते. तेवढ्यात पिस्टन डोक्याला टक्कर देतो.

दुसरं म्हणजे आरएक्सच्या ब्लॉकला बिडाची स्लीव्ह असायची. चुकलं तर रिबोअर करून (सिलिंडर आतून थोडा मोठा कोरून) वरच्या मापाचा पिस्टन टाकायचा. कटरच्या ब्लॉकला आतून क्रोमचा किंवा निकेल-सिलिकॉन कार्बाइडचा पातळ मुलामा असतो. रिबोअर विसरा. भोकाची कड कोरून तशीच टोकदार सोडली की रिंग तिथं अडकते, मुलामा सोलून निघतो आणि ब्लॉक भंगारात. कड गोल करायला मी ब्लॉक कोरण्याइतकाच वेळ देतो. गिऱ्हाईकाला ते दिसत नाही, त्यामुळे त्याचे पैसेही तो देत नाही.

आता कंपन्यांकडे वळू, कारण स्टिकरची कला काय फक्त स्वस्त मालवाल्यांकडे नाही. ते फक्त जास्त अडाणीपणे करतात.

हुस्क्वार्नाचं ३६५ आणि ३७२ एक्सपी हे दोन कटर घ्या, एक्स-टॉर्क इंजिनवाले. दोन्ही ७०.७ सीसी. एकाची ताकद ३.६ किलोवॉट, दुसऱ्याची ४.१. पहिला शेतकऱ्यासाठी आणि अधूनमधून वापरणाऱ्यासाठी, दुसरा जंगलात रोज राबणाऱ्यासाठी, म्हणून ‘एक्सपी’ आणि म्हणून महाग. माझ्या मावसभावाचा मुलगा कॅनडात असतो, त्यानं एकदा ३६५ उघडून व्हिडिओ कॉलवर दाखवला. ट्रान्सफर पोर्टच्या (म्हणजे मिश्रण पिस्टनच्या वर नेणाऱ्या वाटेच्या) बाहेरच्या झाकणाला आतून एक छोटी अडवणूक आहे, वाटेतच उभी. हवा-पेट्रोलचं मिश्रण तिथं आखडतं. ती अडवणूक काढून टाकली की मशीन ३७२ च्या जवळ जातं. तिकडे लोक हे राजरोस करतात, अर्ध्या तासाचं काम. मला ते बघून राजदूत आठवली. काय फरक? एवढाच की तिथं दाबलेली ताकद पेट्रोल वाचवायला होती आणि इथं किमतीची पायरी ठेवायला आहे.

हे बघून मला राग आला असं नाही. खरं सांगू का, मलाही दुकान चालवायचंय, एक साचा दोन भावांत विकणं हे मला कळतं. स्टिल या जर्मन कंपनीचं एमएस २३० आणि एमएस २५० बघा. बाहेरून जुळे भाऊ, आत एक ४०.२ सीसी आणि दुसरा ४५.४. तिथं निदान ब्लॉक आणि पिस्टन खरोखर वेगळे आहेत. आणि नावांचा तर वेगळाच खेळ. स्टिल अमेरिकेत मोठ्या मॉडेलच्या मागे ‘मॅग्नम’ लावते. तेच मशीन युरोपात नुसत्या आकड्यावर विकलं जातं. लाकडाला काय कळणार मॅग्नम!

मला मौज वाटते ती एमएस ५०० आय च्या जाहिरातीची. मशीन म्हणून ते खरंच भारी आहे, उगाच नावं ठेवणार नाही: ७९.२ सीसी, ५ किलोवॉट, वजन ६.२ किलो आणि कार्बोरेटरच्या जागी इंजेक्शन. पण जाहिरात काय, तर चेन शून्य ते शंभर किलोमीटर वेग पाव सेकंदात गाठते. शून्य ते शंभर! जणू कटर घेऊन कुणी पुणे-बंगळूर रस्त्यावर निघालाय.

हिशोब करून बघितला. सात दात्यांचं स्प्रॉकेट आणि ३/८ इंची चेन धरा. चेनचं ३/८ हे निम्मं माप, दर दात्याला ती पाऊण इंच सरकते. एका फेऱ्यात सव्वापाच इंच, म्हणजे १३३ मिलिमीटर. ताशी शंभर किलोमीटरला सेकंदाला २७.८ मीटर लागतात, म्हणजे साधारण साडेबारा हजार आरपीएम. हा वेग चेन मोकळ्या हवेत असतानाचा. लाकडात बार (चेन जिच्यावर फिरते ती पट्टी) शिरला की इंजिन नऊ-साडेनऊ हजारांवर येतं, कारण खरी ताकद तिथंच असते, आणि चेन पंच्याहत्तरच्या आसपास. जाहिरात खोटी नाही. फक्त ती लाकूड नसतानाची आहे. पुढं फांदी छाटताना ट्रिगर वारंवार सोडावा-दाबावा लागतो, तिथं या पिकअपचा उपयोग होतो, हेही मान्य. पण ते ‘फांद्या लवकर छाटता येतात’ असं लिहिलं असतं तर पैलवानासारख्या माणसानं व्हिडिओ मला फॉरवर्ड केला नसता.

ज्यांना वेगाचीच हौस आहे त्यांच्यासाठी वेगळा आखाडा आहे. १९८५ पासून स्टिल टिंबरस्पोर्ट्सच्या स्पर्धा चालतात, त्यातल्या ‘हॉट सॉ’ प्रकारात एका सिलिंडरची बनवलेली मशीनं असतात. काहींत स्नोमोबाइलची किंवा डर्टबाइकची इंजिनं, बाहेर फुगीर एक्स्पान्शन चेंबर (ताकद वाढवणारा टू-स्ट्रोकचा सायलेन्सर), चेनचा वेग ताशी २४० किलोमीटरपर्यंत. ती उचलायलाच पैलवान पाहिजे. त्याच स्पर्धेत ‘स्टॉक सॉ’ प्रकारात मात्र सगळ्यांच्या हाती एकच दुकानातलं मॉडेल देतात आणि तिथं माणसाचा हात बघतात. मला हा दुसरा प्रकार जास्त आवडतो. बाकी उलटा प्रवासही झालाय: अमेरिकेतल्या मॅककलॉकनं १९५९ साली आपल्या चेनसॉच्या इंजिनावरून एमसी-१० हे गो-कार्टचं इंजिन काढलं. कोल्हापुरात कार्टिंगचं वेड असलेली जी पोरं दुकानात येतात त्यांना मी हे सांगतो आणि ती कटरकडे जरा आदरानं बघायला लागतात.

आता माझी फजिती. २०११ मध्ये आंबोलीकडच्या एका बागायतदारानं नवाकोरा कटर आणून दिला, “जोर वाढवा” म्हणून. मी सायलेन्सर उघडला, त्याला दुसरं तोंड पाडलं. इथपर्यंत ठीक. सायलेन्सर मोकळा केला की इंजिन जास्त श्वास घेतं, म्हणजे पेट्रोलही जास्त द्यायला पाहिजे. कार्बोरेटरचा एच स्क्रू उघडायला पाहिजे. मी उलटं केलं. स्क्रू आवळत गेलो आणि मशीन किंचाळत गेलं, आणि त्या किंकाळीला मी ताकद समजलो. बागायतदारही खूश, शेजारचे दुकानदार बघायला आले. तीन तासांनी फोन, “मशीन बंद पडलंय आणि दोरी ओढली जात न्हाई.” सीझ, म्हणजे पिस्टन जाम. पिस्टनच्या एक्झॉस्टच्या बाजूला उभ्या रेघाच रेघा. इंजिनला थंडावा देणारं आणि ऑइल पोचवणारं ते मिश्रणच, ते मी तोडलं होतं. नवा ब्लॉक-पिस्टन माझ्या खिशातून गेला. दिवाळी साधीच झाली त्या वर्षी.

तेव्हापासून मी कानावर ट्यून करतो, पण वेगळ्या सुरावर. मोकळ्यावर फुल रेस दिली की आवाज थोडा फडफडला पाहिजे, फोर-स्ट्रोकसारखा अडखळत; बार लाकडात दाबला की तीच फडफड साफ होऊन एकसुरी व्हायला पाहिजे. मोकळ्यावरच जे मशीन सनईसारखं वाजतं ते लवकर मरतं. आणि आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आल्यापासून हे आणखी महत्त्वाचं झालंय. पेट्रोलच्या एका भागाला हवेचे १४.७ भाग लागतात, इथेनॉलच्या एका भागाला साधारण ९. म्हणजे जुन्या सेटिंगवर नवं पेट्रोल घातलं की मिश्रण आपोआप पातळ, म्हणजे हवेच्या मानानं इंधन कमी. आधीच कडेला ट्यून केलेला कटर त्यानं कडेलोटच होतो. त्यात टाकीत पंधरा दिवस पेट्रोल ठेवायची सवय. पावसाळ्यानंतर माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या मशीनचा डायफ्राम (कार्बोरेटरमधला पातळ पडदा) कडक झालेला असतो आणि मालक सांगतो, “पावर कमी झालीय, पोर्टिंग करा.”

सायलेन्सरवरून आठवलं. अमेरिकेत आवाज आणि धुराच्या नियमांसाठी सायलेन्सरची तोंडं बारीक ठेवतात, म्हणून तिकडे पहिला हात सायलेन्सरलाच लागतो. कायद्यानं तो छेडछाडीत मोडतो ते वेगळं. इथं मला कुणी विचारायला येत नाही. तरी सायलेन्सरमधली ठिणग्या अडवणारी जाळी मी काढत नाही, कुणी कितीही सांगो. फेब्रुवारी-मार्चमध्ये आमच्या डोंगरांवर गवत कसं वाळलेलं असतं हे ज्यानं बघितलंय त्याला कारण सांगायला नको.

तर पैलवान. त्याला म्हटलं, पोर्टिंग करण्याआधी एक गंमत बघू. दुकानामागे अकेशियाचा ओंडका पडला होता, फूटभर जाडीचा. ब्लॉक परत बसवला, मशीन आणलं तसंच चालू केलं आणि मोबाइलवर वेळ लावली. एक काप, एकतीस सेकंद. खाली पिठासारखा भुसा. मग चेन काढली. सगळे दात एका बाजूला जास्त घासलेले, दुसऱ्या बाजूला कमी, आणि पुढचे रेकर (दात किती खोल चावेल ते ठरवणारे उंचवटे) जन्मात कधी उतरवलेले नाहीत. ४.८ ची गोल कानस घेतली, प्रत्येक दाताला मोजून चार हात, मग चपट्या कानशीनं रेकर ०.६५ वर आणले. वीस मिनिटं लागली. परत तोच ओंडका, शेजारचाच काप: सतरा सेकंद. भुसा नव्हे, चांगल्या ढलप्या उडाल्या. मग सायलेन्सरचं तोंड जरा मोठं केलं, एच स्क्रू पाव फेरा उघडला. पंधरा.

“म्हंजे चौदा सेकंद कानशीनं आणि दोन सेकंद पावरनं,” पैलवान म्हणाला. हिशोब पक्का आहे गड्याचा.

“आणि ब्लॉक कोरला तर आणि एखादा सेकंद. चार हजार घीन. आणि मशीन वर्षभर जगंल याची ग्यारंटी न्हाई.”

“नको मग.”

दीडशे रुपये झाले. पैलवाननं पैसे दिले, कटर खांद्यावर टाकला आणि दारात थबकला. कव्हरवरून हात फिरवला. मी ब्लॉक उतरवताना स्टिकरचा कोपरा उचकटला होता आणि ‘६२’ मधला दोन अर्धा गेला होता.

“मेस्त्री, हे तेवढं नीट करून द्या.”

“आता कळलं न्हवं ते साडेचोपन्नचं हाय? कशाला पायजे?”

“मला कळलं. शेतकऱ्याला कुठं कळलंय?” तो परत आत येऊन स्टुलावर बसला. “बांधावर गेलो की पैलं इचारत्यात, कटर किती सीसीचा? पंचेचाळीस म्हटलं की दिवसाला दोनशे कमी देत्यात. त्यो सुतारमळ्यातला गडी स्टिलचा पंचेचाळीसवाला घेऊन येतोय, माझ्या दुप्पट कापतोय, आणि त्येला माझ्यापेक्षा कमी मिळत्यात.”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. शेजारी फ्लेक्सवाला आहे, त्याच्याकडे गेलो. वाढदिवसाच्या फ्लेक्समधून उरलेल्या तुकड्यावर तो असली किरकोळ कामं करून देतो. त्यानं मशीनचा फोटो काढला, कॉम्प्युटरवर अक्षरं जुळवली आणि मान न वळवता विचारलं, “बासष्टच ठेवू की बहात्तर करू? पैसे तेवढंच हुत्यात.”

पैलवानानं माझ्याकडे बघितलं. मी व्हर्नियर पुसत होतो.

“अडुसष्ट कर,” तो म्हणाला. “बहात्तर जरा जास्त वाटंल.”